आवडते ना? मग मार

बॉक्सिंग क्लबात पहिल्याच दिवशी मी हाताला पट्टी गुंडाळत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "हात बांधतेस की पार्सल?"

वळून पाहिलं. उंच, घामाने निथळणारा एक मुलगा हसू दाबत उभा होता. क्लबात सगळे त्याला लंबू म्हणत. त्याने पट्टी सोडवली, अंगठ्यापासून पुन्हा नीट बांधली... आणि चष्म्याच्या दुकानात दिवसभर परक्यांच्या डोळ्यांत बघणारी मी, फरशीकडे बघत राहिले.

"नाक मोडून घेऊन येशील," असं म्हणत आईने घरी डोक्याला हात लावला होता. पण मला रिंगमध्ये उतरायचंच होतं. नवशिक्यांच्या स्पर्धेसाठी सर चाचणी घेणार होते आणि सरावाला त्यांनी जोडीला दिला लंबू. त्याचा प्रत्येक ठोसा माझ्या नाकाशी येऊन थांबायचा. तो हसायचा, मीही हसायचे. मला वाटायचं, आपण भलत्याच चपळ आहोत.

चाचणीत समोरच्या मुलीचा ठोसा काही थांबला नाही. नाकातून रक्त आलं.

"हात खाली सोडायला कोणी शिकवलं?" सर म्हणाले. "पुढच्या रविवारी शेवटची संधी."

नाकावर बर्फ धरून मी थेट लंबूसमोर जाऊन उभी राहिले. "तू हात आखडता घेत होतास. म्हणून माझे हात खाली यायला लागले."

"तुला लागू नये म्हणून—"

"लागलंच ना?"

तो पट्टीचं टोक चाळवत राहिला. "काय करू... तू आवडतेस मला."

छातीत धडधडलं, खोटं कशाला बोलू. पण मी ग्लोव्हज चढवले.

"आवडते ना? मग मार."

पहिला ठोसा कपाळावर बसला. डोळ्यांत पाणी आलं, त्याच्याही. "थांबू?" त्याने विचारलं. मी हात पुन्हा चेहऱ्यासमोर घेतले. आठवडाभर रोज मार खाल्ला, आणि हळूहळू परत द्यायलाही लागले.

रविवारी तीच मुलगी, तोच ठोसा. या वेळी तो माझ्या ग्लोव्हजवर आदळला आणि माझा तिच्या हनुवटीवर. सरांनी मान डोलावली. "स्पर्धेला जायचं."

लंबू माझ्या पट्ट्या सोडवायला बसला. त्याच्या गालावर माझ्या कालच्या ठोशाचा निळा डाग होता.

"दुखतंय?" मी विचारलं, थेट डोळ्यांत बघून.

"खूप."

"मग कळलं असेल... तूही मला आवडतोस."