फेरीतली शेवटची

मी जयाला आणायला गेलो होतो, एवढंच.

जया माझी धाकटी बहीण. तिचे यजमान वारले आणि ती हिंगणीपलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या मठात राहायला गेली. तिचा निर्णय म्हणून मी गप्प बसलो. गेल्या भेटीत मात्र ती निम्मी झालेली दिसली.

"दादा, फेरीत मी सगळ्यात शेवटी असतो," ती कुजबुजली होती. "तरी मागं कोणीतरी चालून राह्यलं... मले झोप नाई."

मठाच्या चौकाला चारी बाजूंनी दगडी ओवऱ्या आहेत. दिवेलागणीला साध्वी तोंडावर पदर ओढून, एकामागे एक, मुक्यानं त्यांतून फिरतात. सर्वांत नवी शेवटी. मागं वळून पाहायचं नाही. या नियमाचा मला आधीपासूनच संताप होता.

फाटकाशी व्यवस्थापक बंडूजी भेटले.

"फेरी सुरू हाये, सर. बसा, चहा सांगतो."

"बाई वाळून चालली आहे आणि तुम्ही चहा सांगता? डॉक्टर का नाही बोलावला?"

"भास होतेत नव्या बाईले. तुम्ही शिकलेसवरले, तुम्ही काऊन..."

ते झोंबलं. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं मी. जयावर माझा तरी विश्वास होता का, हे आजही सांगता येत नाही. कदाचित त्याचाच राग असेल. चपला न काढता मी आत घुसलो.

आत वटवाघळांचा आणि ओल्या चुन्याचा वास. उजेड विटत चाललेला. पांढरी रांग खांबांआडून सरकत आली. एकेक पदर जवळून गेला. शेवटची आली तसं मी तिचं मनगट धरलं. गार होतं. पुढच्या कुणी वळून पाहिलं नाही. तीही विनातक्रार चालू लागली. मी तिला मागच्या सीटवर बसवलं आणि बंडूजींकडे न बघता गाडी काढली.

वाटभर मी मठाला शिव्या घातल्या. "उद्याच तपासण्या करू. आता मी कुणाचं ऐकणार नाही." ती बोलली नाही. मौन अंगवळणी पडलंय, असं वाटून आणखीच चिडलो.

सेलू गाव मागं पडल्यावर फोन वाजला. बंडूजींचा नंबर. मी ओरडणारच होतो.

"दादा, मी बोलून राह्यली."

जयाचा आवाज.

"आलता म्हणे तू? बंडूजी म्हणते, एकटाच तणतणत गेला. भेटला काऊन नाई?" ती हसत होती, की रडत होती. "ऐक ना... आज माझ्या मागं कोणीच नव्हतं. पयल्यांदा. आज झोपतो मी."

मी गाडी कडेला घेतली. आरशात काळोख होता. मग उतरलो, मागचं दार उघडलं.

सीट रिकामी होती. पट्टा मात्र लावलेला होता. मी तो लावला नव्हता. धीर करून त्याला बोट लावलं.

तो सीटला टेकलेला नव्हता, तरी सैल नव्हता.