डावा पीळ

हुमैरा बेटावरची माणसं मोजायची आणि कागद सूर्यास्तापूर्वी शेजारच्या मोठ्या करकेना बेटावरच्या कचेरीत पोचवायचे, एवढंच काम होतं. पण तो जनगणनेचा शेवटचा दिवस होता. कागद चुकले तर बेट निर्मनुष्य म्हणून नोंदलं जाणार आणि गोड्या पाण्याची बोट बंद होणार!

मोजणीला लतीफा स्फाक्स शहरातून आली होती. नाव करकेनाच्याच सास्सीची. साठीचा सास्सी बोलायचा कमी, पण त्या उथळ समुद्राची त्याला खडान्‌खडा माहिती होती.

वाटेत लतीफाने एक कोरा कागद काढला.

"काका, अख्ख्या गावात तुमचंच घर राहिलंय. माणसं किती?"

"दोन."

"शेजारीण तर एक म्हणाली. बरं, धंदा?"

"काही नाही."

"मग ही नाव काय हौसेनं चालवताय?"

"हलू नकोस. पडलीस तर मासे तुझी मोजणी करतील."

"पण घरात दोन कोण?"

सास्सीने शिडाची दोरी ओढली. "वारा बघ," तो म्हणाला. वारा नव्हता.

बेटावर सतरा माणसं निघाली. सगळ्यात तरुण अठ्ठावन्न वर्षांचा. मुलं इटलीला गेलेली. मागे राहिलेले म्हातारे मडकी बुडवून ऑक्टोपस धरत आणि व्यापाऱ्याला विकत.

"अठरा लिही गं!" महबूबा म्हातारी म्हणाली. "गाढव पण धर. पाणी त्यालाही लागतं."

परत निघाले आणि शिहिली सुटला. दक्षिणेचा तो वाळवंटी वारा धूळ घेऊन आला. सूर्य धुळीआड गेला. किनारा गेला. शीड टरकन फाटलं! नाव दगडावर आदळली आणि फळी फुटली.

"उतर!" सास्सी ओरडला.

पाणी कमरेपर्यंत होतं आणि भरती चढत होती. लतीफाने कागदांची पिशवी डोक्यावर धरली. नाव सोडून दोघं चालू लागली. कुठे, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

सास्सीच्या पायाला खुंट लागले. कुंपण!

तिथले लोक समुद्राच्या तळात खजुरीच्या झावळ्या रोवून कुंपणं घालतात. ओहोटीला मासे त्यांच्या कडेने जात पिंजऱ्यात शिरतात. एकेका घराचं एकेक कुंपण. झावळ्या पुरुषांनी रोवायच्या, दोर बायकांनी वळायचे. दरवर्षी नवं करावं लागतं. पण माणसं परदेशी गेली तशी निम्मी कुंपणं कुजली होती. सास्सीनेही दोन वर्षं आपल्या कुंपणाला हात लावला नव्हता.

इथे खुंटांच्या दोन रांगा फुटत होत्या.

"एक रांग माझी, ती गावाला जाते," तो म्हणाला. "दुसरी झवारींची. ती खोल पाण्यात."

"मग तुमची कुठली?"

"दिसत नाही."

पाणी छातीला आलं. लाट आली, लतीफा कोलमडली, पण पिशवी वरच राहिली!

"काका, लवकर!"

सास्सीने बुडी मारली. उजव्या रांगेतला खुंट चाचपला. दोर होता. पीळ उजवा. गावातल्या सगळ्या बायका तसाच वळत. तो वर आला, दम घेतला, पुन्हा गेला. डावी रांग. दोर बुळबुळीत झाला होता, पण गाठ टिकली होती. पीळ उलटा, डावा.

दोन वर्षांपूर्वी वारलेली त्याची बायको हनिया डावखुरी होती.

तो गाठ धरून जरा जास्तच वेळ खाली राहिला.

"डावीकडे!" वर येताच तो म्हणाला. "खुंट सोडू नकोस!"

खुंटामागून खुंट. पाणी छातीचं कमरेला आलं, कमरेचं गुडघ्याला. मग धुळीतून खजुरीची झाडं दिसली.

कचेरीचा कारकून कुलूप लावत होता. त्याने सतरा नावं वाचली आणि शिक्का मारला. लतीफाने पिशवीतून उरलेला एक कागद काढला.

"काका, तुमचं राहिलंय. माणसं?"

सास्सीने केसांतली वाळू झाडली.

"एक लिही."

तिने लिहिलं. वर पाहिलं नाही. "धंदा?"

"समुद्रात कुंपण आहे," सास्सी म्हणाला. "झावळ्या उद्या तोडायच्यात. दोर वळायला मात्र कुणीतरी बघावं लागेल."