लिऊचौला जायच्या आधी

"आई, मी नंतर करते गं फोन. इथे काहीतरी कुजलंय… भयंकर वास येतोय!"

"कुजलेलं नाही, आंबवलेलं आहे."

मी दचकून वर पाहिलं. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधलं एवढंसं चिनी नूडल्सचं दुकान, बाहेर जुलैचा गार पाऊस, आत एकच रिकामी खुर्ची — आणि तिच्यासमोर बसलेला माणूस चक्क मराठीत बोलला होता! चष्म्यावर वाफ धरलेली. त्यामुळे डोळे दिसत नव्हते, नुसतं हसू दिसत होतं.

"बांबूचे कोंब आहेत ते," तो म्हणाला. "मी शार्दूल. बसा ना."

"अक्षता," मी ओशाळून बसले. "सॉरी… इथे कुणाला कळेल असं वाटलं नव्हतं."

"रस्सा गोगलगायींचा असतो, हे तरी माहीत आहे ना?"

"आहे. म्हणून तर आलेय. पुढच्या महिन्यात मी चीनला, या नूडल्सच्याच गावी चाललेय. लिऊचौला."

त्यानं चष्मा काढून पुसला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "लिऊचौला? अहो, बीजिंगला जातात, शांघायला जातात… लिऊचौला कोण जातं?"

मी जात होते. हॅमिल्टनच्या ‘ते रापा’ नावाच्या भागातली आमची कंपनी पॅकिंगची मशिन्स बनवते. लिऊचौच्या एका नूडल्सच्या कारखान्यानं ती घेतली होती आणि ती बसवून चालू करायला दीड वर्षासाठी कुणीतरी तिथे राहायला हवं होतं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी हात वर केला. चार वर्षं तेच ऑफिस, तोच फ्लॅट, तेच सुपरमार्केट… माझा कुठे पायच ठरत नव्हता. आता व्हिसा हातात आल्यावर मात्र भीती वाटायला लागली होती.

"तुम्ही गेलायत तिथे?"

"पाच वर्षं राहिलोय. आधी शिकायला, मग मोटारींच्या कारखान्यात."

दुकानाच्या मालकीणबाईंशी चिनीत काहीतरी बोलून त्यानं पेन मागून घेतलं आणि मेनूकार्डाच्या मागे एक रेघ ओढली. वळसा घालत गेलेली, जवळजवळ जिथून निघाली तिथेच परत आलेली.

"ही लिऊ नदी. मधे जुनं शहर. सुरईसारखं दिसतं की नाही? तिथले लोक सुरईच म्हणतात शहराला. आणि या टेकड्या."

"शहराबाहेर?"

"छे! शहरात. बसस्टॉपच्या मागे सरळ उभी टेकडी. रांगेत उभं राहिल्यासारखी."

मी हसले. समोरची नूडल्सची वाटी कधी रिकामी झाली, कळलंच नाही.

मग दर शनिवारी आम्ही वायकाटो नदीच्या काठानं चालायला लागलो. सकाळचं धुकं इतकं, की समोरचा काठ दिसायचा नाही. त्या पांढऱ्या पडद्यावर शार्दूल मला लिऊचौ दाखवायचा. पोलादाचे कारखाने, रस्त्यांवरून धावणाऱ्या इवल्याशा इलेक्ट्रिक गाड्या. कपडे फुगवलेल्या पिशवीत घालून, ती कमरेला बांधून भर थंडीत नदी पोहणारे आजोबा. एका टेकडीखाली जमून गाणारी माणसं — एकानं गाण्यात प्रश्न करायचा, दुसऱ्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं.

"सवाल-जबाबच की! तू गायलास कधी?" मी विचारलं. 'अहो-जाहो' दुसऱ्याच शनिवारी गळून पडलं होतं.

"एकदा. समोरच्या आजी मला म्हणाल्या, तू नुसता ऐकत जा."

चौथ्या शनिवारी मात्र त्याचा सूरच बदलला. उन्हाळा असह्य असतो. हवा चिकट. नदीला पूर येतो. कुणाला इंग्लिश येत नाही. कारखान्यातून सुटलीस की एकटी पडशील…

मी थांबले. "शार्दूल, हे काय चाललंय? महिनाभर तूच मला त्या शहराच्या प्रेमात पाडलंस. आणि आता घाबरवतोयस?"

तो नदीकडे बघत म्हणाला, "कारण… तू जाऊ नयेस असं वाटतंय मला."

पाण्यावरून एक बदक फडफडत गेलं.

"मला तू आवडतेस, अक्षता. तुझ्यामागे आलोही असतो. पण इथे राहायची रेसिडेन्सी मिळून चारच महिने झालेत. दीड वर्ष बाहेर काढलं, तर परत पहिल्यापासून. सहा वर्षं घालवलीत मी त्यासाठी."

राग आला. आनंद झाला. दोन्ही एकदम. "मग थांबव ना मला!"

"नाही थांबवणार." तो माझ्याकडे वळला. "तू राहिलीस, तर दर शनिवारी मला बघून तुला आठवेल, कुणामुळे राहिलीस ते. आणि एक सांगायचंय… तुझ्याकडे यायला एप्रिलमध्ये तीन आठवड्यांची सुट्टी टाकलीय मी. तेव्हा तिथे रस्तोरस्ती कांचन फुलतो, सगळं शहर गुलाबी होतं."

"मला न विचारता?"

"तुला विचारण्यापेक्षा बॉसला विचारणं सोपं होतं."

मी पुन्हा चालू लागले.

मंगळवारी त्यानंच मला ऑकलंडच्या विमानतळावर सोडलं. दीड तासाचा रस्ता. मी सारखी पासपोर्ट चाचपत होते, तो सारखा आरसा नीट करत होता.

"भीती वाटतेय?" आत जायच्या दारापाशी त्यानं विचारलं.

"हीप्स! ढीगभर."

"अजून वेळ आहे. नाही म्हणू शकतेस."

"नाही. जाणार."

चार पावलं गेले आणि उलटी फिरले. मागच्या बाईंच्या बॅगेला अडखळले.

"शार्दूल! तू एक विचारलंच नाहीस."

"काय?"

"मला तू आवडतोस का, ते."

त्यानं विचारायला तोंड उघडलं, पण मला तेवढा धीर कुठला!

"आवडतोस," मी म्हटलं. "खूप."

आणि वळून जवळजवळ पळतच आत शिरले… आणखी एक मिनिट तिथे उभी राहिले असते, तर गेलेच नसते.