शांगच्या नाळेतला तडा

आमच्या अंगरूपची ही गोष्ट. माझ्या मावसभावाचा मुलगा. रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवतो. बढाया मारेल, पण खोटं बोलणार नाही. गेल्या वर्षी फागलीच्या आदल्या रात्री घडलं. अमावास्या होती.

सणासाठी मेहुणीला आणायला तो खालच्या गावी गेला होता. बुतीथ तिचं नाव, तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. तिची ड्युटी संपेपर्यंत अंधार पडला. लोण्याचा डबा पाठीला बांधून दोघं निघाली.

"भावोजी, शांगची नाळ सकाळी ओलांडू. वाऱ्यानं त्या घळीत वर बर्फाची घट्ट लादी थापलीय, खाली नुसता साखरेसारखा भुसभुशीत बर्फ आहे."

"नर्सबाई, आता बर्फ मला शिकवणार? तुझी बहीण रात्रभर दारात उभी राहील आणि सकाळी मला सोलून काढेल."

"काढू दे. मलमपट्टी मी करीन."

नाळेच्या कडेला मोठा खडक आहे. तिथं बुतीथ थांबली. एकानं पार व्हायचं, मगच दुसऱ्यानं निघायचं. ही रीत अंगरूपनंही मोडली नाही.

तो अर्ध्यात पोचला आणि पायाखाली धप्प झालं. भरलेलं पोतं आपटावं तसं. अख्खा उतार बोटभर खचला. बॅटरीच्या उजेडात त्याला तडा दिसला. त्याच्या बुटापासून निघाला, सरसर वर चढला, वळला, आडवा पळत सुटला... आणि थांबला.

तडे थांबतात, पोरांनो. लादी पातळ झाली, खाली दगड लागला, की थांबतात. पण तिथं लादी कमरेएवढी जाड होती. थांबायला काही कारणच नव्हतं.

"भावोजी... हलू नका."

"नाही हलत."

बुतीथनं कान टवकारले.

"भावोजी, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोण असणार?"

"मग... धापा कोण टाकतंय?"

त्यानं श्वास रोखला. धापा चालूच. वरून येत होत्या. तडा थांबला होता तिथून. बर्फाच्या आतून. न पेलणारं ओझं पेलत उभ्या राहिलेल्या माणसासारख्या.

हं... हं...

तडा वीतभर सरकला. थांबला.

"मागे या," बुतीथ कुजबुजली. "आपल्याच पावलांत पाय टाका."

एक पाऊल. हं... आणखी एक. हं... धापा वाढल्या. रडवेल्या झाल्या. खडक हाताला लागला. बुतीथनं कॉलर धरून त्याला ओढलं.

धापा बंद.

...

मग नाळेतला अख्खा बर्फ सुटला.

उजाडेपर्यंत दोघं खडकाआड लोणी चाटत बसली. कुणी कुणाची थट्टा केली नाही.

सकाळी आम्ही फावडी घेऊन धावलो. दोघं धड होती. अंगरूपला वर बघायचंही नव्हतं. बुतीथ म्हणाली, "मी बघणार." म्हणून चढलो. बर्फ तुटला होता तिथं कमरेएवढी भिंत उभी होती. तडा थांबला होता ती जागा तिनं दाखवली. भिंतीवर दोन तळहात होते. दहाही बोटं स्पष्ट.

आमच्या खोऱ्यातलं कुणी त्या नाळेत हरवलेलं नव्हतं. आमच्याआधी तिथं कुणी चढलेलंही नव्हतं.

"कुणीतरी हात टेकले असतील," म्हणत सरपंच पुढे झाला. बोट लावलं आणि तसाच मागे आला. मग मी हात लावला.

तळहात आत दबलेले नव्हते, पोरांनो. बाहेर फुगलेले होते.

आतून.