देवपूरचा निरोप

अठ्ठ्याण्णव साली धुळ्यात कमरेला पेजर लावून मिरवणारे पुष्कळ होते. त्यातल्या निम्म्यांना दिवसभरात कुत्रंही बोलवत नसे. कुंदा बैसाणेला मात्र खरोखर बोलावणं यायचं.

सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपल्यावर ती साक्री रोडच्या एका डॉक्टरांसाठी घरोघर जाऊ लागली. ज्या म्हाताऱ्यांचा आजार आता बरा होणार नाही, त्यांना घरच्या खाटेवर निदान कमी दुखावं म्हणून डॉक्टरांनी ही सोय काढली होती. पेशंटला कळा सुरू झाल्या की घरच्यांनी पेजर कंपनीला फोन करायचा. तिथली मुलगी निरोप टाइप करायची, कुंदाच्या कमरेला किर्रर्र व्हायचं, आणि ती औषधाचा डबा घेऊन लुनावर बसायची. निरोप आला नाही तर आज दुखत नाही असं समजायचं. एका बाईनं अख्खं धुळं सांभाळायचं, तर दुसरा इलाज काय होता?

देवपुरातल्या धुरपदाबाईंच्या पाठीच्या कण्यात कॅन्सर उतरला होता. म्हातारीचा कुंदावर भारी जीव. इंजेक्शनची सुई टोचायच्या आतच म्हणायची, "बेटा, तुना हात लागना का अर्धं दुखनं पयी जास."

"मग मी औषध घरीच ठेवून येते, अक्का," कुंदा म्हणायची, आणि म्हातारी तशा अवस्थेतही हसायची.

मुलगा मगन हसत नसे. बैसाणे हे आडनाव कानावर पडलं, तेव्हाच कुंदा बौद्ध आहे हे त्यानं ओळखलं होतं. तोंडानं कधी काही बोलला नाही. ती गेल्यावर ओटा तेवढा धुवून घ्यायचा.

मगनच्या मुलीची सोयरीक बघायला सुरुवात झाली आणि देवपूरचे निरोप थांबले. अक्काला बरं वाटतंय, अशी कुंदानं मनाची समजूत घातली. मग एक दिवस डॉक्टरांनीच सांगितलं, धुरपदाबाई गेल्या.

कुंदा दारावर बसायला गेली. बायांच्या घोळक्यातून मगनची बायको बेबाबाई तिला मागच्या न्हाणीपाशी घेऊन गेली. पदर तोंडाशी धरून बोलली.

"बाई, त्यास्नी तुम्हले फोन कधी लावाच नही. फोनना बटनवर बोट दाबी धरेत नि नुसता बोलेत. 'हॅलो, कुंदाबाईले धाडा.' माय खाटवरथून आयके. 'उनी का ती?' इचारे. ते सांगेत, येई ऱ्हायनी."

"का पण?"

"सोयरीकना पाव्हना येतस. तुमनी लुना दारशी दखी त्या काय म्हनतीन, म्हने." बेबाबाईचा आवाज अगदी खाली गेला. "शेवटला दिन मायनी ते बोट दखं. मंग ती नुसती त्यास्नाकडे दखत ऱ्हायनी."

कुंदाला नवल वाटलं नाही. असली माणसं तिनं जन्मभर पाहिली होती. पण त्या म्हातारीनं दाराकडे डोळे लावून काढलेले दिवस तिच्या नजरेसमोर आले. लुना सुरू करता करता ती मोठ्यानं म्हणाली, "सडो ते बोट मेल्याचं!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पांझरेच्या पुलावर पेजर वाजला. तिनं लुना कडेला घेतली.

"मगनला दुखतंय. येऊ नको. धुरपदा, देवपूर."

कुणीतरी वाह्यात चेष्टा करतंय, असं वाटून तिनं कोपऱ्यावरच्या बूथमधून पेजर कंपनीला फोन केला.

"म्हाताऱ्या बाई होत्या, मॅडम," मुलगी म्हणाली. "फार हळू बोलल्या, पण स्पष्ट. मी निरोप परत वाचून दाखवला. 'येऊ नको' असंच आहे ना, विचारलं. हो म्हणाल्या."

कुंदा भुताखेतांना मानणारी नव्हती. मेलेल्या माणसांना तिनं स्वतःच्या हातानं आंघोळ घातली होती. ती तशीच देवपूरला गेली. मगन ओट्यावर शेंगा फोडत बसला होता, चांगला धडधाकट. फक्त मधूनच उजव्या हाताचं पहिलं बोट मुंगी चावल्यासारखं झटकत होता.

"काय काम शे?" त्यानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

निरोप रोज येऊ लागला. वेळ दुपारचीच आणि शब्दही तेच. कुंदानं कंपनीकडे तक्रार करायचं सोडलं. खरं सांगायचं तर तो वाचताना तिला थोडं बरंही वाटू लागलं होतं.

मग एका सकाळी बेबाबाई रिक्षानं दारात आली. डोळे सुजलेले. मगनचं बोट आधी ठणकायला लागलं, मग हात, मग पाठीचा कणा. फोटो काढले, रक्त तपासलं, कुठंच काही सापडत नव्हतं. माणूस मात्र गुरासारखा ओरडत होता.

"मी कितला फोन करात, बाई! ती पोर म्हने, निरोप दिधा. तुमी उन्याच नहीत."

कुंदानं पेजर तिच्यापुढे धरला. बेबाबाईनं ते दोनदा वाचलं.

आपण म्हटलं असतं, भोग आता आपल्या कर्माची फळं. कुंदाच्याही ओठावर तेच आलं होतं. पण हाडाची नर्स होती ती. डॉक्टरांना सांगून औषध घेतलं आणि निघाली.

पुलावर पेजर वाजला. तिनं पाहिलं नाही.

घरात भरदुपारीही गारठा होता. मगन आईच्याच खाटेवर पडला होता. तिला पाहताच त्यानं दोन्ही हात जोडले.

"कुंदाबाई, माले वाचाडा. तुमना पाय धरस."

"पडून राहा," ती म्हणाली.

तिनं सिरिंजमध्ये औषध भरलं. त्याचा दंड पुसला. बेबाबाईला दिवा लावायला सांगितलं.

सुई कातडीला टेकली.

तेवढ्यात तिच्या मनगटावर कुणीतरी हात ठेवला.

हात म्हातारा होता. कोरडा, हाडकुळा, उबदार. तो ओढत नव्हता की दाबत नव्हता. दमून आलेल्या लेकीला बस म्हणावं, तसा मायेनं थोपटत होता.

कुंदाला भीती वाटली नाही. कित्येक वर्षांत तिला असं कुणी थोपटलं नव्हतं.

तिनं सुई मागे घेऊन डब्यात ठेवली.

"काय व्हयनं? द्या ना!" मगन किंचाळला. "बाई, द्या ना!"

तिनं झाकण लावलं, बेबाबाईकडे न पाहता चपला घातल्या आणि लुना सुरू केली. ओरडणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होतं.

तिनं पूल ओलांडला. घरी येऊन पाय धुतले, स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं. हात अजून मनगटावरच होता.