पेठेत उतरलेली तिसरी

हे कुणाला सांगायचं नाही, अशी अंकितानं मला शपथ घातली आहे. आम्ही भिंतीला भिंत लागून राहतो. तरी सांगते, कारण एकटीनं मनात ठेवण्यासारखं ते नाही.

आमची स्टेशन पेठ म्हणजे मुळात मेंढरांचा माळ. इंजिनांना पाणी हवं म्हणून इथं टाकी बांधली, टाकीपाशी चार घरं झाली. पुढं प्लेगच्या साली गाडीतून उतरवलेली माणसं माळावर झोपड्यांत ठेवली. त्यातली वाचली ती परत गेलीच नाहीत. झोपड्यांची घरं झाली, घरांची पेठ. तेव्हाची एक रीत अजून आहे. गाडीनं पाहुणे आले की उंबऱ्यावर थांबवून विचारतात, किती जण उतरलात? आणायला गेलेल्यानं आकडा सांगायचा, मगच पायांवर पाणी.

त्या दुपारी अंकिता पॅसेंजरवर मंगलआत्याला आणायला गेली. आत्या चार महिन्यांच्या मल्हारला घेऊन मिरजेहून माहेरी येत होती. ऊन रखरखत होतं. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. आत्यानं बाळ अंकिताकडे दिलं, स्वतः पिशव्या उचलल्या आणि फोनवर बोलत पुढं निघाली.

टाकीच्या पडक्या ओट्यापाशी अंकिताच्या चपलेचा अंगठा तुटला. मागून येणारी एक बाई थांबली. डोक्यावरून पदर, आणि त्या उन्हात पाय अनवाणी. तिनं न बोलता हात पुढं केले. अंकितानं बाळ तिच्याकडे दिलं आणि तुटकी चप्पल हातात घेऊन चालू लागली. बाई मागून येत राहिली. बाळ जरासुद्धा रडलं नाही.

दारात अंकिताचे आजोबा, नाथाजी, तांब्या घेऊन उभे होते. रेल्वेत गँगमन म्हणून जन्म गेलेला माणूस.

"आली का मंगल! कितीजण उतरलासा गं?"

"तिघं," अंकिता म्हणाली. "आत्या, बाळ आन् ह्या."

"ह्या कोण?"

आत्या हसली. "आवं आबा, ऊन लागलंय पोरीला. दोघंच की आमी!"

अंकितानं मागं पाहिलं. रस्ता मोकळा होता. मल्हार तिच्याच कडेवर होता.

"मी... मी त्यांच्याकडं दिला हुता..."

आजोबांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग अगदी हळू म्हणाले, "पलेगात, गाडीत मेलेलं माणूस सायबानं वढून न्हिऊ नये, म्हणून लोकं त्येलाबी जितं म्हणून मोजायची... मोजलं की त्ये आत यायचं. आन् घरातलं एक घिऊन जायचं."

"मग न्हाई म्हणते आबा. दोघंच," अंकिता म्हणाली.

"आता न्हाई म्हणून काय उपेग, बाळा..."

"तुमी पण ना, आबा!" म्हणत आत्या आत गेली.

तिसऱ्या दिवशी मल्हारला ताप भरला. काखेत सुपारीएवढी गाठ. मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे, उतरेल. ताप उतरलेला नाही.

त्याचं टोपडं इथंच राहिलंय. काल अंकितानं ते माझ्या नाकाशी धरलं. चार वेळा धुतलंय, तरी धुराचा वास. आमच्या लाईनीवर आता विजेची इंजिनं धावतात. पण आजोबांनी टोपडं हुंगलं आणि म्हणाले, कोळसा हाय, इंजिनातला. ते ऐकल्यापासून अंकिता रोज...

आले गं आई! मिरजेहून फोन आलाय म्हणे, सगळी अंकिताच्या घराकडं पळतायत. जाऊन येते, मल्हारला...