पासपोर्टची पावती

“आत येऊ का?”

स्वयंपाकघराच्या दारावर हलकेच टकटक करून आईनं विचारलं आणि भाजी चिरणाऱ्या छबूची सुरी थांबली.

“मोठी आई, सांग ना हिला काहीतरी! स्वतःच्या घरात कुणी परवानगी मागतं का? नुसती पाहुणीसारखी वागते!”

आई ओशाळून हसली. परदेशातून परतून तिला पंधराच दिवस झाले होते. नऊ वर्षं एका मोठ्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंची सेवा करताना न विचारता एकही दार उघडायचं नाही, हा मालकिणीचा दंडक तिच्या हाडीमाशी खिळला होता... पण लेकीला त्यात दिसत होता तो केवळ परकेपणा!

तो दिसायला कारणही तसंच होतं. आई परदेशी गेली तेव्हा छबू बारा वर्षांची होती. आजारी वडील आणि ती, दोघांचंही सगळं थोरल्या काकूनं केलं; तिलाच ती मोठी आई म्हणायची. आई गेल्यावर पाचव्या वर्षी वडील वारले. आईचा फोन आला तेव्हा छबूनं टाहो फोडला होता, “तू ये गं!” आणि पलीकडून शांत उत्तर आलं होतं, “काम टाकून येता येत नाही, बाळा.” त्या एका वाक्यानं पोरीचं काळीज जे मिटलं ते मिटलंच. त्या दिवसापासून तिला उद्देशून ‘आई’ हा शब्द छबूच्या ओठांवर आला नव्हता. “ऐक” किंवा “हे बघ” एवढ्यावर तिचं भागत होतं.

खरी गोष्ट वेगळीच होती. आईचा पासपोर्ट पहिल्याच दिवशी मालकिणीच्या कपाटात कुलूपबंद झाला होता. नवऱ्याच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा तिनं पदर पसरला, पाय धरले. पण “करार संपला की मिळेल” एवढंच उत्तर मिळालं. आणि एक करार संपला की दुसरा पुढ्यात येई! आजीबाईंनी डोळे मिटले तेव्हाच तिची सुटका झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिनं सोसला, तो या लेकीसाठी. खरं कळलं तर पोर शिक्षण सोडून रडत बसेल. त्यापेक्षा चिडलेली बरी... रागानं माणूस निदान उभं तरी राहतं! हे ठाऊक होतं एकट्या जाऊबाईंना, छबूच्या मोठ्या आईला, आणि त्यांना तिनं छबूचीच शपथ घातली होती.

आता छबू परिचारिकेची परीक्षा पास झाली होती आणि तिलाही परदेशी नोकरी चालून आली होती.

“उद्या करारावर सही,” भाजी फोडणीला टाकत ती काकूला सांगत होती. “पासपोर्ट तर कालच एजंटच्या ऑफिसात जमा केला. तिथं पोचल्यावर मॅडम सगळ्या मुलींचे पासपोर्ट नीट कपाटात ठेवतात म्हणे. हरवायची भीतीच नाही! ही बघ पावती.”

तो गुलाबी कागद आईनं पाहताक्षणी ओळखला. अशीच पावती तिनं नऊ वर्षं उशीखाली जपली होती.

जाऊबाईंनी गॅस बंद केला. “पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण पुढचीनं ठेच लागल्याचं सांगितलंच नाही, तर मागची शहाणी होणार कशी? बोल गं बाई. तुझी शपथ आता मला सोसवत नाही.”

आणि आई बोलली. आवाज न चढवता, शेजारणीची हकिकत सांगावी तसं तिनं सगळं सांगितलं.

छबू ऐकत राहिली. मग तिनं खालच्या मानेनं विचारलं, “बाबा गेले... त्या दिवशी तू काय केलंस?”

“आजीबाईंना आंघोळ घातली. भरवलं. त्यांनी विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, कांदा चिरला. त्या हसल्या... म्हणाल्या, आज तर कांदा घातलेलं काहीच केलं नाहीस तू.”

छबूनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून उगाच डबे लावत राहिल्या.

“जायचं तर खुशाल जा,” आई म्हणाली. “कष्टाला मी भीत नाही, तूही भिऊ नकोस. पण परतीची वाट आपल्या हातात ठेवून जा.”

मायलेकी तशाच ऑफिसात गेल्या. बाकावर आणखी तीन मुली गुलाबी पावत्या घेऊन बसल्या होत्या. टेबलामागचा एजंट गोड हसला. “अहो, सगळ्याच जमा करतात. तिजोरीत सुरक्षित राहतो.”

“पासपोर्ट राहतो हो सुरक्षित,” आई म्हणाली, “बाई राहत नाही.”

त्याचं हसू मावळलं. “परत नेलात तर हिची जागा दुसरीला जाईल.”

आईनं लेकीकडे पाहिलं. एवढी नोकरी, एवढी वर्षं उराशी धरलेलं स्वप्न... आता ठरवायचं होतं ते लेकीनंच. छबूनं पावती टेबलावर ठेवली. “जाऊ द्या. माझा पासपोर्ट द्या.”

ड्रॉवर उघडला, बंद झाला. पासपोर्ट पुढं सरकवत एजंट आईवर करवादला, “आणि तुम्ही कोण हो, हिला शिकवणाऱ्या?”

“ही माझी आई!” छबू ठणकावून म्हणाली. “या कामाचा नऊ वर्षांचा अनुभव आहे तिला. बाकावरच्या मुलींनाही काही विचारायचं असेल, तर आई सांगेल.”

चार वर्षांनी कानावर पडलेला तो शब्द... एकदा नव्हे, दोनदा! आईला हुंदका आवरेना. पण बाकावरची एक मुलगी उठून जवळ येत होती. म्हणून तिनं डोळे पुसले आणि त्या मुलीला शेजारी बसवून घेतलं.